नाटकातून बोलणे

आमच्या घरी लेवा बोली बोलतात. आम्ही 'माले दे' म्हणतो, पुस्तकात 'मला दे' असते. आम्ही 'केयी' म्हणतो, पुस्तकात 'केळी'. म्हणून वर्गात उभे राहून बोलायचे म्हटले की पुष्कळ मुले गप्प बसतात. त्यांना हसण्याची भीती वाटते.

यासाठी गुरुजी नाटक करून घेतात. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचे, कोण काय होणार ते ठरवायचे आणि आपल्या मनाने बोलायचे. पाठ केले तर एक शब्द विसरल्यावर सगळेच अडते. मनाने बोलले तर दुसरा शब्द सापडतो.

एकदा सतरंजीवर बाजार भरवला. दुकानात केळी, गूळ, तांदूळ, डाळ, नारळ एवढेच होते. सगळ्यांत ळ! नुसते 'ळ म्हणा' म्हटले तर जीभ वळत नाही, पण गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की वळते. नारळावरून दोन मुली तर खऱ्याच भांडल्या.

नाटकातली आजी घरची बोली बोलते, डॉक्टर पुस्तकातले बोलतो. त्यामुळे कुठे कसे बोलावे ते कळते आणि घरची बोली टाकावी लागत नाही. ती कशाला टाकायची? बहिणाबाई चौधरी जवळच्याच आसोद्याच्या. जन्म १८८० सालचा. त्यांना लिहिता येत नव्हते, तरी याच बोलीत गाणी रचली. ती आता पुस्तकात आहेत.

एकट्याला करायची असेल तर नाट्यछटा बरी. ती दिवाकरांनी १९११ साली मराठीत आणली. ते पुण्याला शिक्षक होते. नाट्यछटेत एकच माणूस बोलतो. समोरचा दिसत नाही, पण तो काय म्हणाला ते आपल्या बोलण्यावरून कळले पाहिजे. 'काय? पैसे उद्या देणार?' असे म्हणून थोडे थांबायचे. हे थांबणेच अवघड, बरं का! मुले धडाधडा म्हणून टाकतात.

माझ्याजवळ बसणारी मुलगी सातपुड्यातून आली आहे. तिच्या घरी पावरी बोलतात. वडील केळीच्या मळ्यात कामाला आहेत. मुलगी शाळेत बोलत नाही, तर परत गावी पाठवतो, असे ते म्हणत होते. पहिल्या नाटकात ती झाड झाली. दुसऱ्यात बकरी झाली, तेव्हा आवाज काढला. बाजारात गिऱ्हाईक होऊन तिने केळीचा भाव विचारला. आम्ही सांगितला, तर म्हणाली, "फार महाग!" हे तिला कोणी शिकवले नव्हते.

शनिवारी सकाळी आमचे नाटक आहे. ती डॉक्टर आहे. पालकांनी लवकर यावे आणि तिच्या वडिलांना पुढे बसू द्यावे. तिचा आवाज अजून लहान आहे.