पुराचा धोका : गावाचा नव्हे, जोत्याचा

२६ जुलै २००५ रोजी गाढी नदीचे पाणी पनवेल शहरात शिरले. त्या दिवसाविषयी आज कोणत्याही सखल गल्लीत चौकशी केली, तर दोन प्रकारची उत्तरे मिळू शकतात. एक जण म्हणेल, "घरात छातीएवढे पाणी होते." चार घरे सोडून राहणारा म्हणेल, "आमचा उंबरा भिजलासुद्धा नाही." दोघेही खरेच बोलत असतात. पाऊस एक, नदी एक, गल्लीही एक; मग हा फरक कशामुळे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना भूगोल, गणित आणि थोडे अर्थशास्त्र, तिन्ही विषय एकत्र येतात. म्हणून हा विषय वर्गात घेण्याजोगा आहे, असे आम्हाला वाटते.

पाणी येते कोठून?

पनवेलच्या पूर्वेला, सरळ रेषेत वीस किलोमीटरच्या आत, सुमारे ८०० मीटर उंचीचा माथेरानचा डोंगर आहे. गाढी नदी या डोंगररांगेतून निघते आणि शहराच्या कडेने जाऊन पनवेलच्या खाडीला मिळते. डोंगराचा उतार तीव्र आणि वाट छोटी. त्यामुळे डोंगरात पडलेला पाऊस काही तासांतच गावात पोचतो. पनवेलमध्ये पाऊस उघडलेला असतानाही नदी चढू शकते, ती यामुळेच.

हे पाणी किती असते? एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर बरोबर एक लिटर पाणी जमते. आता एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस पडला असे समजा. गुणाकार करून पाहा : दहा कोटी लिटर! दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. आणि हे केवळ एका चौरस किलोमीटरचे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच वेळी कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर पाऊस पडला. म्हणजे 'आज पाऊस किती' हा प्रश्नही शहराचा नसून जागेचा असतो.

खाडीचे दार

नदीचे पाणी खाडीत उतरायचे, तर खाडीची पातळी नदीपेक्षा खाली हवी. भरतीच्या वेळी खाडी वर येते आणि हे दार जवळजवळ बंद होते. मग नदीचे पाणी मागे तुंबते. २६ जुलैला दुपारी चारच्या सुमारास मुंबईच्या किनाऱ्यावर भरती होती आणि मुसळधार पाऊसही तेव्हाच कोसळत होता.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब विद्यार्थ्यांना जरूर सांगावा : तिथीची पाऊणपट. पंचमी असेल, तर पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार. भरती साधारण पावणेचारला. खाडीत आतवर ती थोडी उशिरा पोचते. पावसाळ्यातील अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते, हेही लक्षात ठेवायला हवे.

नवी मुंबईची आखणी करताना सिडकोने याच अडचणीसाठी धारण तलाव ठेवले. भरती असताना झडपा बंद राहतात, पावसाचे पाणी तलावात थांबते आणि ओहोटीला खाडीत जाते. पूर्वी हेच काम भातखाचरे, मिठागरे आणि खारफुटीची दलदल करत असे. तेथे भराव पडला की पाणी नाहीसे होत नाही, ते दुसरी सखल जागा शोधते. नवी मुंबई विमानतळासाठी उलवे टेकडी कापून मोठा भराव झाला आणि उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. या कामानंतर आपल्या गावात पाणी शिरू लागल्याची तक्रार शेजारच्या डुंगी गावच्या लोकांनी केली होती. तात्पर्य, ज्या घरात आजोबांच्या काळात कधी पाणी आले नाही, तेथे ते पुढेही येणार नाही, असे म्हणता येत नाही.

'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे काय?

महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमध्ये बांधकामाला मनाई असते. निळ्या आणि लाल रेषेमध्ये बंधने पाळून बांधावे लागते.

येथे एक मोठा गैरसमज होतो. '२००५ मध्ये मोठा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे काळजी नाही' असे लोक म्हणतात. पण नदी वर्षे मोजत नाही. शंभर वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता. फासा टाकताना मागच्या खेपेला सहा पडले, म्हणून या खेपेला सहाची शक्यता कमी होत नाही, तसेच हे.

आता घरासाठी २० वर्षांचे कर्ज काढले आहे असे समजू. एका वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९९. सलग वीस वर्षे न येण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे सुमारे ०.८२. कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा तरी लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता १८ टक्के झाली. निळ्या रेषेवरच्या घरासाठी हाच हिशेब ०.९६ घेऊन करा. उत्तर येते ५६ टक्के, निम्म्याहून जास्त!

नळीने मोजा

आपले जोते या रेषांच्या वर आहे की खाली, हे वर्गालाही मोजता येते. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन ठिकाणांची पातळी जुळवतात. नळीच्या दोन्ही टोकांतील पाणी एकाच पातळीत राहते, एवढेच त्यामागचे तत्त्व. शाळेजवळच्या जुन्या रहिवाशांना भेटून २००५ मध्ये पाणी कोठवर आले होते, याच्या खुणा विचाराव्यात. दोन-तीन जणांच्या खुणा जुळल्या तर ती जागा पक्की धरावी. तेथून नळीने पातळी पुढे नेत एकेका घराच्या उंबऱ्याशी ताडून पाहावी. 'खुणेच्या ४० सेंटिमीटर खाली', 'खुणेच्या १५ सेंटिमीटर वर' असा तक्ता तयार होईल. सुरुवातीच्या कोड्याचे उत्तर या तक्त्यातच आहे. मात्र हे काम उन्हाळ्यात, कोरड्या जमिनीवर करावे. पावसाळ्यात मुलांना नदीकाठी नेऊ नये.

राहिलेल्या धोक्याचा विमा

जोते उंच करणे, विजेची बटणे आणि मीटर वर घेणे, नाला मोकळा ठेवणे यांनी धोका कमी होतो, संपत नाही. उरलेल्या धोक्यासाठी विमा आहे. त्याचे तत्त्व सोपे : अनेकांनी थोडे थोडे द्यायचे, ज्याचे नुकसान होईल त्याला त्यातून भरून मिळायचे. परंतु आग एखाद्याच घराला लागते, पूर मात्र सगळ्या आळीला एकदम बुडवतो. शिवाय केवळ नदीकाठचेच लोक विमा घेऊ लागले, तर तो परवडत नाही. या अडचणीमुळे अमेरिकेत १९६८ मध्ये सरकारलाच पूर विम्याची राष्ट्रीय योजना काढावी लागली.

आपल्याकडे घराच्या विम्यात आग, वादळ, भूकंप यांबरोबर पूरही येतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांसाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी लागू झाली. ती घेताना चार गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली, विमा बांधकामाचा असतो, जमिनीचा नव्हे. ७० लाखांना घेतलेल्या ५० चौरस मीटरच्या घराचा बांधकाम खर्च चौरस मीटरला ३० हजार धरला, तर रक्कम १५ लाखच होते. दुसरी, इमारतीच्या विम्याबरोबर घरातील सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, पण १० लाखांपेक्षा जास्त नाही, एवढे संरक्षण आपोआप मिळते. आपल्या उदाहरणात ३ लाख. तिसरी, सोसायटीने इमारतीचा विमा काढला म्हणजे आपले कपाट आणि फ्रिज त्यात आले असे नाही. भाडेकरूलाही आपल्या सामानाचा विमा काढता येतो. चौथी, भिंतीतून वर्षानुवर्षे झिरपणारी ओल म्हणजे पूर नव्हे.

पाणी ओसरल्यावर लगेच कंपनीला कळवावे, भिंतीवरील पाण्याच्या रेषेचे फोटो काढावेत आणि पाहणी होईपर्यंत खराब सामान फेकू नये. सरकारी मदतीसाठी होणारा पंचनामा वेगळा. त्या मदतीचा आधार होतो, पण पूर्ण नुकसान तीतून भरून निघत नाही. पॉलिसीचा कागद आणि बिले मात्र खालच्या कपाटात ठेवू नयेत!

भिजलेली वही, जुने फोटो, हरवलेले माणूस यांचा विमा उतरत नाही. म्हणून मोजणी आधी, विमा नंतर. येत्या उन्हाळ्यात आपल्या वर्गाने एका तरी गल्लीचा तक्ता करावा आणि ज्या घरांचा उंबरा खुणेच्या खाली आहे, त्यांना तो नेऊन दाखवावा.