पुढचा स्वस्त फोन कोणत्या कंपनीचा? किंमत नंतर, आधी लॉक बघा

कबनूर (ता. हातकणंगले) : यंत्रमागाच्या खात्यात पाळी बदलताना मोबाईलचा विषय निघतोच. जिओचा ९९९ रुपयांचा फोन आला, मग एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलचा कधी?

याचं उत्तर टूजीत आहे. जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे जुन्या बटणाच्या फोनवर जिओचं सिम चालत नाही. गिऱ्हाईक ओढायचं तर फोनही स्वतःच द्यावा लागतो. म्हणून २०१७ ला जिओफोन आणि जुलै २०२३ ला जिओभारत आला. एअरटेल, व्हीआयचं टूजी अजून सुरू आहे, त्यामुळे त्यांना तशी घाई नाही. २०१७ ला एअरटेलने कार्बनसोबत, बीएसएनएलने मायक्रोमॅक्ससोबत फोन आणले होते. पुढेही दुसऱ्याच्या फोनवर अशी ऑफर येण्याची शक्यता जास्त. बीएसएनएलचं स्वदेशी फोरजी २७ सप्टेंबर २०२५ ला सुरू झालंय, तिकडंही लक्ष ठेवायला हरकत नाही.

पण खरी मेख लॉकमध्ये आहे. जिओभारतमध्ये फक्त जिओचंच सिम चालतं. जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. मात्र उद्या रेंज गेली किंवा रिचार्ज परवडेना झाला, तर नंबर पोर्ट होईल, फोन घरात पडून राहील.

त्यामुळे फोन घेताना दुसऱ्या कंपनीचं सिम सोबत न्या. दुकानातच घालून फोन लावून बघा. बीएसएनएल वापरायचं असेल तर बँड २८ आहे का, तेही विचारा. मगच पैसे मोजा.