रागाआधी श्वास

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या संग्रामपुरात पाऊस लांबला की चेहरे उतरतात. कपाशीची काळजी शेतातून घरी येते आणि राग निघतो तो बायकामुलांवर! योगाने पाऊस पडत नाही, हे मलाही ठाऊक आहे. परंतु चित्त विचलित झाल्याच्या खुणा सांगताना पतंजलींनी दुःख आणि खिन्नता यांच्याबरोबर अंगाचा कंप व श्वासाची गडबडही मोजली आहे. पुढे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासावयास घेतल्या. मी घरी एवढेच करतो: कठोर शब्द ओठांवर आला की आधी श्वासाकडे पाहतो. तो उथळ, भरभर चालला असेल, तर आपण रागावलो आहोत हे कळते. मग सावकाश चार-सहा श्वास घ्यावेत. तेवढ्यात बोलायचे काय, हे आपले आपल्यालाच उमगते. पाऊस तरीही लांबलेलाच असतो. पण पोरे निवांत जेवतात.