टकळी आणि लक्ष

‘लक्ष दे’ असं दिवसभर सांगून मुलाचं लक्ष लागत नाही. ते लागतं ते हातातल्या कामात, आणि काम असं हवं की चूक तिथल्या तिथे कळावी. वर्ध्याने हे फार पूर्वी करून पाहिलं. ऑक्टोबर १९३७ मध्ये तिथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हातकामातून शिकवणाऱ्या नई तालीमची पायाभरणी झाली. पुढे झाकिर हुसेन समितीने आखलेल्या साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटं मूलोद्योगाला, म्हणजे शाळेच्या मुख्य हातकामाला, होती. एकाग्रतेचा वेगळा तास त्यात नव्हता. टकळी मात्र होती.

टकळी म्हणजे एक बारीक सळई, खाली चकती आणि वर आकडी. डाव्या हातात पिंजलेल्या कापसाचा पेळू धरायचा, उजव्या हाताच्या चिमटीने टकळीला गिरकी द्यायची. गिरकीचा पीळ वर चढतो आणि त्याच वेळी डावा हात सावकाश वर जातो. सगळी गोम इथेच आहे. पीळ बसायच्या आत हात ओढला तर तार तुटते. हात रेंगाळला तर पीळ पेळूत शिरतो, सूत जाड होतं आणि पुढे सरकतच नाही. मुलाच्या हाताला ओढायची घाई असते. ती क्षणभर आवरायची असते. संयम म्हणतात तो हाच, आणि तो बोटांत मुरावा लागतो.

तार तुटली की रागवायचं कारण नाही. तुटलेल्या टोकाचा पीळ थोडा उकलायचा, पेळूच्या मोकळ्या तंतूंवर टेकवायचा, हलकी गिरकी द्यायची. सांधा बसतो. चूक झाल्यावर काम न टाकता पुन्हा तिथूनच सुरू करायचं, हे मूल इथे शिकतं. माझ्या मते टकळीचा सर्वांत मोठा गुण हाच.

नवशिक्याला आधी नुसती रिकामी टकळी फिरवू द्यावी. हात बसला की पेळू द्यावा, तोही थोडा वेळ. डोळे भिरभिरू लागले की थांबावं.

सूत मोजायचं मापही ठरलेलं: चार फुटांची एक तार, १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. आपल्या तारा मुलाने स्वतः मोजून वहीत मांडाव्यात आणि आपल्याच कालच्या आकड्याशी ताडून पाहाव्यात. शेजारच्याशी नको, चढाओढ लागली की हात घाई करतो. शिवाय उत्पन्नाच्या मागे लागून शिक्षण हरवण्याचा धोका समितीने अहवालातच दाखवून दिला होता. गुंड्यांची सक्ती झाली की टकळी मुलाला जाच वाटते, आणि लक्ष तिथून आधी उडतं.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला २००५ पासून पुन्हा चालू झालेल्या आनंद निकेतन शाळेत मुलं शेतीत, स्वयंपाकात हात घालतात. तत्त्व तेच, चूक कामातूनच कळते: वाफ्यात बी खोल गेलं तर उगवत नाही, आणि ते मुलाला मातीच सांगते.