गार शेवयांचं शास्त्र

यवतमाळात मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो, तेव्हा जपान-कोरियात खातात तसं गार नूडल्सचं सॅलड घरच्या गव्हाच्या जाड शेवयांचंही उत्तम होतं. उकडलेल्या शेवया लगेच थंड पाण्यात धुतल्या की वरचा चिकट स्टार्च निघून जातो, शिजणं थांबतं आणि त्या सुट्या राहतात. फ्रीजमध्ये स्टार्चचे रेणू पुन्हा जवळ येऊन रचले जातात. शेवया किंचित घट्ट होतात, आणि त्या स्टार्चचा थोडा भाग लहान आतड्यात पचतही नाही. शिळं बाधतं, हा आक्षेप रास्तच आहे: बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उकळूनही टिकतात. मात्र ते वाढतात कोमट अन्नात, ओट्यावर तासन्‌तास राहिल्यावर. म्हणून निथळलेल्या शेवया तिळाचं तेल चोळून ताबडतोब 5 अंशांखाली ठेवाव्यात. काकडी-गाजर, सोया सॉस मात्र आयत्या वेळी. मीठ लागताच भाज्यांना पाणी सुटतं.