पॅनल पंचवीस वर्षांचे, हमी पाच वर्षांची

भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्याचा उत्तर भाग म्हणजे चिखला-डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, नाकाडोंगरी-लेंडेझरीचे जंगल, आणि मध्य प्रदेशच्या सीमेपर्यंत पसरलेली धानाची शेती. या पट्ट्यातल्या गोंड वस्त्यांनाही आधार धानाचाच. शेतीपंपाला वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रपाळी असली की काळोखात धुऱ्यावरून चालत बांधीला पाणी द्यायचे. साप, रानडुक्कर आणि जंगलालगत वाघाचीही धास्ती. सौर पंपाने पाणी दिवसा आणले, आणि माझ्या मते अनुदानाइतकेच मोल या दिवसाच्या पाण्याला आहे.

राज्य सरकारच्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने किमतीच्या 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने 5 टक्के भरायचे. अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्तीचा पंप, पाच एकरांपर्यंत 5 चा, त्यापुढे साडेसातचा. सोबत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी आणि विमा. पॅनल मात्र साधारण पंचवीस वर्षे चालते. मधल्या वीस वर्षांत बिघाड झाला, तर गावात बघणार कोण?

बिघाड म्हणतो तेव्हा तो खरेच बिघाड असतो असेही नाही. उन्हाळी धानाच्या वेळी विहिरीचे पाणी खाली जाते. मोटार कोरडी फिरून जळू नये म्हणून कंट्रोलर तिला आपोआप थांबवतो आणि पडद्यावर एक खूण दाखवतो. ती वाचता आली तर पंप थोडा वेळ बंद ठेवून, झऱ्यांनी विहीर भरली की पुन्हा सुरू करता येतो. वाचता आली नाही तर ‘मोटार जळाली’ असे समजून तक्रार होते आणि माणूस येईपर्यंत पीक ताटकळते. पॅनल एका ओळीत जोडलेले असल्याने शेजारच्या झाडाची फांदी एकावर सावली धरू लागली, तरी पंपाचा जोर उतरतो. फांदी छाटायला कंपनीचा माणूस लागत नाही, पण दोष फांदीत आहे हे कुणीतरी ओळखावे लागते.

पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडी या आदिवासी पाड्याचे उदाहरण इथे सांगायलाच हवे. पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ या कंपनीने 2012 मध्ये तिथे सुमारे साडेनऊ किलोवॉटचा सौर प्रकल्प उभारला. पाड्यावर जेमतेम चाळीस घरे. पॅनल बाहेरच्या मदतीतून आले, पण प्रकल्प गावच्याच न्यासाच्या हाती दिला गेला. घरोघरी मीटर बसले, वापरेल तितके पैसे गोळा होऊ लागले, आणि देखभालीसाठी गावातलीच माणसे तयार केली गेली. बॅटरी काही वर्षांत बदलावी लागते. दर ठरवतानाच त्या खर्चाचा विचार झाला होता. कितीतरी गावांतले सौर दिवे नेमके याच ठिकाणी विझले आहेत. खांब उभा, पॅनल शाबूत, बॅटरी मेलेली, आणि ती आणायला कुणाच्याच खात्यात पैसा नाही.

तुमसरचे पंप वैयक्तिक मालकीचे आहेत, म्हणून दरेवाडीचा आराखडा जसाच्या तसा इथे बसणार नाही. पण आठ-दहा गावांमागे एक शिकलेला मुलगा किंवा मुलगी, हाती मल्टिमीटर, जवळ सुटे फ्यूज आणि कनेक्टर, एवढी सोय करणे अवघड नाही. बचत गटाने वर्षाकाठी पंपामागे ठरावीक रक्कम जमवली तर त्यांचे मानधन निघेल. शिकवायला आयटीआय आहेत, आदिवासी विकासाचे प्रकल्प कार्यालय भंडाऱ्यात आहे. प्रशिक्षण गोंडी जाणणाऱ्या माणसाकडून, शेतातल्या चालू पंपावरच व्हावे. सभागृहात दाखवलेल्या चित्रांवरून कंट्रोलर उघडायचे धाडस येत नाही. आणि हे सारे हमीची पाच वर्षे सरण्याआधी व्हावे, कारण तोपर्यंत कंपनीचा तंत्रज्ञ गावात येत असतो आणि त्याच्या शेजारी उभे राहून शिकता येते.