घराची डागडुजी: कुदळ मारण्यापूर्वी

भाताची मळणी आटोपली, हातात चार पैसे आले, की आपल्या खेड्यांतून घरदुरुस्तीचा विषय निघतो; आणि आठवड्याच्या आत गवंडी दारात उभाही राहतो! ही घाई घराला मानवत नाही. खानापूरकडचा पश्चिम भाग काय किंवा गोवा काय, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस बहुधा येतोच. तोवर छप्पर उघडे राहिले, तर मातीच्या भिंतींची काय दशा होते हे निराळे सांगावयास नको. म्हणून काम नोव्हेंबरात काढावयाचे असेल, तर त्याचा विचार आधीच्या पावसाळ्यातच झाला पाहिजे. पावसाळा हाच घराचा खरा परीक्षक. कोणत्या पाख्यातून पाणी ठिबकते, कोणत्या भिंतीला जोत्यापासून किती हात ओल चढते, वळचणीचे पाणी कोठे साचते, हे मुलांच्या एखाद्या जुन्या वहीत टिपून ठेवावे. एप्रिलच्या उन्हात घर पाहणाऱ्या गवंड्याला यातले काहीच दिसत नसते.

प्रथम छप्पर. वाशांची टोके जेथे भिंतीत शिरतात तेथे टोकदार हत्याराने टोचून पाहावे; वाळवी बहुधा तेथूनच घर पोखरते. रिपा बदलून, कौले शाकारून भागत असेल तर तेवढेच करावे. मंगळूरला बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला. त्या धर्तीची कौले आपल्या घरांवर पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहेत.

हल्ली मात्र कौले उतरवून स्लॅब घालण्याची हौस बळावली आहे. हौसेला मोल नाही हे खरे, पण वजन आहे! एक चौरस मीटर जागेला सुमारे 15 कौले लागतात व त्यांचे वजन 35-40 किलोच्या आसपास भरते. तेवढ्याच जागेवर चार इंच जाडीची स्लॅब घातली, तर तिचे वजन 250 किलोच्या घरात जाते. मातीत रचलेल्या जुन्या भिंतीने हा भार का म्हणून सोसावा? स्लॅब हवीच असेल, तर पायापासून निराळे खांब उभे करावे लागतील. आणि त्यासाठी जाणत्या इंजिनियरला घर दाखवून त्याची फी देणे शहाणपणाचे. ही फी वाचवणारी माणसे माझ्या पाहण्यात पुष्कळ आहेत. भिंतीला पडलेल्या भेगा त्यांनी पुढे कितीदा तरी लिंपल्या. छपरावर जुने अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर ते फोडू वा कापू नयेत. त्यांची धूळ फुप्फुसात जाते व ती घातक असते. ते ओले करून अखंड उतरवावेत.

आता एक नाजूक गोष्ट. घर कोणाचे? वडिलांच्या पश्चात थोरला भाऊ पदरचे लाखो रुपये घालून घर नवे करतो, आणि पुढे वाटणीच्या वेळी एकाच ताटात जेवलेली भावंडे एकमेकांचे तोंड पाहीनाशी होतात. मृत्युपत्र नसेल, तर 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बेळगावकडील ख्रिस्ती कुटुंबात विधवेला एक तृतीयांश व उरलेले दोन तृतीयांश मुलांना मिळते. आणि त्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. सासरी गेली म्हणून बहिणीचा हक्क सरत नाही. गोव्यात कायदा निराळा आहे. तेथे विवाहाच्या वेळी वेगळा करार झालेला नसेल, तर पतिपत्नींची मालमत्ता सामायिक धरली जाते. तेव्हा आईला व सर्व भावंडांना एकत्र बसवून, कोण किती खर्च करणार व तो वाटणीत कसा धरावयाचा, हे कागदावर लिहून सह्या घ्याव्यात. भावाभावांत कागद कशाला, असे म्हणणारेच पुढे कोर्टाच्या पायऱ्या चढताना दिसतात. बांधकामाच्या परवानगीसाठी पंचायतीकडेही आधीच जावे.

खर्चाचा अंदाज काढला की त्यावर निदान पाचवा हिस्सा राखीव धरावा. जुनी भिंत उकलली की आतून काय निघेल याचा नेम नसतो. त्याच वर्षी घरात लग्न असेल, तर मी स्पष्टच सांगतो, दोहोंतले एक पुढे ढकलावे. मंडप व सेंट्रिंग यांची उधारी एका वर्षात फिटत नाही. सिमेंट गरजेपुरतेच आणावे. तीन महिन्यांहून अधिक पडून राहिले की त्याचा जोर ओसरतो. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचावीत. वायर व नळ यांची जागा गिलाव्यापूर्वीच ठरवावी, नाहीतर ताज्या गिलाव्यावर छिन्नी चालते. शौचकूप काढावयाचा तर शोषखड्डा विहिरीपासून 50-60 फूट तरी दूर असावा. आपल्या जांभ्या दगडातून पाणी फार लवकर झिरपते. काँक्रीटला व गिलाव्याला आठवडा-दहा दिवस पाणी मारावे लागते, हेही हिशेबात असू द्यावे; विहीर आटल्यावर मे महिन्यात हे पाणी आणणार कोठून? आणि नाताळापूर्वी रंग झालाच पाहिजे, हा हट्ट गृहिणींनी कृपा करून सोडावा. ओल्या गिलाव्यावर दिलेला रंग सोलून निघतो.

राहावयाचे कोठे, चूल कोठे मांडावयाची, आजीची खाट कोणत्या कोपऱ्यात, हे पुरुषमाणसे शेवटी आठवतात. ते आधी ठरवावे व घरातील बायकांना विचारूनच ठरवावे. धूळ त्यांनाच झाडावी लागते. उतरवलेल्या कौलांपैकी शाबूत अशी शंभरेक निवडून परसात आडोशाला रचून ठेवावीत. एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही, आणि माकडे तर दरवर्षी येतातच.